सुट्टीतला पैसा दुपारी जातो

आपण विचारले आहे की, नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात, मुले दुसरीत आणि सातवीत आहेत, महिन्याच्या शेवटी हातात फारसे उरत नाही, तर अशा घरात मे महिन्याची सुट्टी आरडाओरड आणि उसनवारी न करता कशी पार पाडावी. आमची स्थिती जवळपास हीच आहे. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, मी एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळते, यजमान चाकणला शिफ्टमध्ये काम करतात, आणि मुलगी तेरा वर्षांची तर मुलगा नऊ वर्षांचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका सुट्टीत आमचे सुमारे 31 हजार रुपये खर्च झाले आणि जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, रेनकोट यांसाठी पतपेढीतून कर्ज काढावे लागले. व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे मी वही उघडून बसले. दोघांच्या उन्हाळी शिबिरांचे 9 हजार आणि महाबळेश्वरच्या तीन दिवसांचे 14 हजार हे आकडे मला ठाऊकच होते. (धाकट्याने दुसऱ्याच आठवड्यात शिबिराला जाणे सोडले आणि शुल्क परत मिळाले नाही; पैसे भरण्यापूर्वी एक दिवस नुसते बसू देतात का, हे आता मी आधी विचारते.) उरलेले 8 हजार मात्र पन्नास, दीडशे, तीनशे अशा तुकड्यांनी गेले होते, आणि त्यातले बहुतेक दुपारी एक ते पाच या वेळेत: मोबाइलवरून मागवलेले पिझ्झे, आईस्क्रीम, आणि दिवसभर मुलांना घरात कोंडले या अपराधी भावनेने शनिवारी मॉलमध्ये केलेली खरेदी. भांडणेही त्याच वेळेत होत होती. तेव्हापासून आम्ही सुट्टीचे नियोजन दुपारपासून सुरू करतो. सकाळ आणि संध्याकाळ मुले स्वतःच भागवतात.

आमच्या इमारतीतल्या चार घरांनी मिळून दुपारच्या पाळ्या लावल्या आहेत. तीन घरांत आजी किंवा आजोबा असतात, आणि यजमानांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्याने तो वार आमच्याकडे आला. सोमवार ते गुरुवार, दीड ते साडेचार, सहा-सात मुले एका घरात असतात. शुक्रवारी ती आपापल्या घरी राहतात आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. जेवण प्रत्येकाने घरीच उरकून यायचे, ज्या घराची पाळी असेल त्याने फक्त पन्हे किंवा कोकम सरबत आणि फार तर भेळ द्यायची, बाहेरून काहीही मागवायचे नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट ठरवले, कारण एका घराने वडापाव आणले की दुसऱ्याला केक आणावासा वाटतो. कॅरम, पत्ते आणि व्यापार एवढ्यावर पहिला दीड तास सहज जातो, त्यानंतर तासभर वाचन किंवा झोप, आणि टीव्ही चारनंतर. अगदी लहान मुले असतील तर मोठ्या माणसाशिवाय ही व्यवस्था करू नये.

फिरायला कोठे न्यावे, हे मी आता एकाच कसोटीवर ठरवते: त्या ठिकाणाहून आल्यावर पुढच्या किती दुपारी भरतात? राजा दिनकर केळकर संग्रहालय आम्ही एका दिवसात पूर्ण पाहत नाही. एका वेळी फक्त दिवे, दुसऱ्या वेळी फक्त अडकित्ते, असे पाहतो. मुलीने अडकित्त्यांची चित्रे काढण्यात तीन दुपारी घालवल्या. पर्वतीला रविवारी सकाळी सहाला जातो, कारण नऊनंतर त्या पायऱ्या तापतात आणि मुलांबरोबर आपणही चिडतो. कात्रजचे प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असते, हे आम्हाला फाटकाशी पोहोचल्यावर कळले होते. तुमच्या भागातल्या वाचनालयाचे सभासदत्व मात्र सुट्टी लागण्यापूर्वीच घ्या. 1848 पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर आम्हाला लांब पडत असले, तरी पंधरा दिवसांतून एक फेरी वसूल होते.

सहलीऐवजी आम्ही दहा दिवस मुलांना चिपळूणजवळच्या आजोळी पाठवतो. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते, मार्च 2023 पासून महिलांनाही निम्मे, आणि पंचाहत्तरी पार केलेल्या ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य असल्याने माझे वडीलच मुलांना न्यायला येतात. तिकडे वाळवणे राखण्याचे काम मुलांकडे असते, आणि घरी पापडाची लाटी चोरणारी हीच मुले तेथे कावळे हाकतात.

पैशाची सोय मी जुलैतच करते: बँकेत दहा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते, दरमहा 1,200 रुपये, म्हणजे मे महिन्यात 12 हजार आणि वर थोडे व्याज. त्यातून प्रवास व आजोळच्या खर्चासाठी 4 हजार, दोघांच्या प्रत्येकी एका वर्गासाठी मिळून 3 हजार, आणि सहा आठवड्यांसाठी दर आठवड्याला 300 रुपये मुलांच्या हातात. हे 300 दोघांचे मिळून असतात आणि ते कशावर खर्च करायचे हे तीच ठरवतात. पहिल्या आठवड्यात मंगळवारीच संपले होते. मी भर घातली नाही, आणि हे मला जड गेले. पण तिसऱ्या आठवड्यापासून ‘आई, घे ना’ हे वाक्य घरात जवळजवळ ऐकू येईनासे झाले.

शांततेविषयी सांगायचे तर, ‘कंटाळा आला’ म्हटल्यावर मी पहिली वीस मिनिटे काहीही सुचवत नाही, आणि कार्यालयात मुलांचा फोन दुपारी तीनला एकदाच येतो. रक्त किंवा धूर असेल तरच दुसरा फोन करायचा, असे ठरले आहे. मुलाने एकदा धूर म्हणून फोन केला, तेव्हा खाली कोणीतरी पालापाचोळा जाळत होते.

खात्यात उरणाऱ्या 3,200 रुपयांना मेमध्ये हात लावू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात जुने दप्तर आणि रेनकोट घालून पाहा, उसवले असेल ते शिवून घ्या, आणि मगच नव्या वस्तूंची यादी करा.