बरा महिना आला म्हणून डॉक्टरची वेळ रद्द करू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. या महिन्यात पाळी वेळेवर आली, रात्री झोप लागतेय, म्हणून शनिवारची डॉक्टरची वेळ रद्द केली असं लिहिलंयस, आणि खाली परत "बाई, मी उगाचच घाबरले होते बहुतेक". अगं उगाच नव्हतीस घाबरली. दिवाळीच्या आधी चौथ्या तासाला तुला वर्गात उभं राहवत नव्हतं, पेपर तपासताना एकच उत्तर तीनतीनदा वाचावं लागत होतं, घरी आल्यावर कोणी काही बोललं नाही तरी रडू येत होतं, ते सगळं खरंच होत होतं. आणि आता बरं वाटतंय तेही खरंच आहे. पाळी जायच्या आधीच्या या वर्षांची खरी अडचण हीच असते, बरे दिवस आले की वाईट दिवसांवर आपलाच विश्वास बसेनासा होतो, मग तपासण्या राहतात, घरी सांगायचं राहतं, आणि पुढचा वाईट आठवडा येतो तेव्हा हातात काहीच नसतं. मी कितीतरी जणींचं असंच होताना बघितलंय, स्टाफरूममध्ये आणि नात्यातही. म्हणून जरा लांबलचक लिहितेय, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल, पण ती वेळ परत घे.

आधी आत काय चाललंय ते समजून घे. आपल्याला वाटतं हार्मोन्स हळूहळू कमी होत जातात आणि एक दिवस पाळी थांबते, पण ते तसं सरळ उतरत नाही. मे महिन्यात आपल्या गावाकडे नळाला पाणी येतं ना, एक दिवस धो धो, मग दोन दिवस नुसती करंगळीएवढी धार, मग गायबच, आणि कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, तसं इस्ट्रोजेनचं होतं. काही महिन्यांत ते आधीपेक्षाही जास्त वाढतं, तेव्हा छाती दुखते, पोट फुगतं, अर्धशिशी उठते. मग एकदम खाली येतं की घाम, धडधड, झोपमोड. आणि ज्या महिन्यात बीजच बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं, आणि मग उशिरा जी पाळी येते ती अंगावरून भसाभसा जाते, गाठी पडतात. म्हणजे तुला दोन महिन्यांत दोन वेगळ्या तक्रारी झाल्या त्याचं कारण एकच असू शकतं.

तू ४३ ची आहेस, म्हणतेस फार लवकर सुरू झालं. नाही गं. आपल्याकडे पाळी बंद व्हायचं सरासरी वयच ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेत ते ५१ धरतात, आणि इंटरनेटवर आपण वाचतो ते बरंचसं तिकडचं असतं म्हणून आपल्याला आपलं लवकर वाटतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग गेली म्हणायचं. त्याच्या आधीचा हा वरखाली काळ बहुतेकींचा चारेक वर्षं, काहींचा आठ-दहा वर्षंसुद्धा. दोन पाळ्यांमधलं अंतर सात किंवा जास्त दिवसांनी मागेपुढे व्हायला लागलं, आणि ते परत परत झालं, की सुरुवात झाली असं डॉक्टर लोक धरतात. तुझं एकदा २३ दिवसांनी, एकदा ३६ दिवसांनी असं चाललंय ना, मग झालं तर.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे लिहून ठेवायचं, आणि बऱ्या दिवशीही लिहायचं. मोबाईलवर ॲप आहेत पण तुला रोज उघडायचा कंटाळा येणार मला माहितीये, तू सरळ स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिही, दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत. पाळीच्या दिवशी टिंब, आणि त्या दिवशी किती पॅड लागले तो आकडा. रात्री उठावं लागलं तर "झ", घामाच्या लाटा आल्या तर "घ" आणि किती वेळा ते, डोकं दुखलं तर "ड". मूडसाठी एक ते पाच मार्क, आपल्याला मार्क द्यायची सवय आहेच. तीन पानं भरली की बघ, कदाचित दिसेल की "झ" च्या दुसऱ्या दिवशीच मूडला दोन मार्क पडलेत, म्हणजे चिडचिडीआधी झोपेचं बघायला हवं. किंवा दिसेल की पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवसच वाईट आहेत, बाकी महिना ठीक जातोय. आणि डॉक्टरसमोर बसल्यावर "कधीकधी होतं हो" असं मोघम बोलण्यापेक्षा ही तीन पानं पुढे ठेवलीस तर पाच मिनिटांतच मुद्द्याचं बोलणं सुरू होतं.

दुसरं, तपासण्या. सगळ्यात आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ते. तुझा थकवा, जिना चढताना लागणारा दम, धडधड, यातलं निम्मं रक्त कमी झाल्यामुळेही असू शकेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, आणि आपण ते हार्मोन्सच्या खात्यावर टाकून मोकळ्या होतो. थायरॉइड, म्हणजे टीएसएच, तेही कर, कारण त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं. एफएसएचची, म्हणजे बीजाशयांना चालना देणाऱ्या हार्मोनची टेस्ट मात्र एकदा करून "नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही" असं ठरवू नकोस, तो आकडा या महिन्यात वर आणि पुढच्या महिन्यात नॉर्मल असा येऊ शकतो, एका रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही.

आणि या गोष्टींसाठी ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही: तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतायत, आठवडा उलटला तरी थांबत नाही, दोन पाळ्यांच्या मध्येच किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय. आणि एकदा वर्षभर पाळी बंद राहून नंतर एक डाग जरी दिसला तरी ताबडतोब दाखवायचं, "परत आली वाटतं" म्हणून सोडून द्यायचं नाही. सोनोग्राफी करतील, गरज वाटली तर आतल्या अस्तराचा नमुना तपासायला पाठवतील, त्याला घाबरू नकोस.

इथे एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायचीये. जास्त रक्त जातंय म्हटल्यावर "मुलं झालीयत ना, पिशवी काढून टाका, कटकट संपेल" असं सांगणारे भेटतील, डॉक्टरही भेटतील आणि शेजारणी तर भेटतीलच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं आठवतंय ना, २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा झाला तर दंड, म्हणून त्या बिचाऱ्या तयार व्हायच्या. आपल्याला कोणी दंड करत नाही, पगारी रजा आहे, तरी आपण घाईत हो म्हणतो. कधीकधी ऑपरेशन लागतंही, मी नाही म्हणत नाही, पण आधी विचार की रक्त कमी करायच्या गोळ्यांनी भागेल का, पिशवीत बसवायची हार्मोन सोडणारी एक छोटी वस्तू असते, कॉपर-टीसारखीच दिसते, तिने भागेल का, आणि काढायचीच असेल तर बीजाशयं ठेवणार की तीही काढणार. तीही काढली तर जे काही वर्षांत हळूहळू होणार होतं ते एका रात्रीत होतं, आणि हे बऱ्याच जणींना ऑपरेशननंतर कळतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घे. वाईट आठवड्यात सही करू नकोस, एवढं माझं ऐक.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल तू विचारलं होतंस, कॅन्सर होतो म्हणे. ही भीती बरीचशी २००२ पासूनची आहे, अमेरिकेत एक मोठा अभ्यास चालू होता तो तेव्हा मध्येच थांबवला, स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं म्हणून, आणि जगभर बायकांनी गोळ्या बंद केल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेल्या. आता डॉक्टर असं मानतात की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली तर बऱ्याच निरोगी बायकांच्या बाबतीत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताची गुठळी झालीय, लिव्हरचा आजार आहे किंवा रक्तस्रावाचं कारण कळलेलं नाही, अशांना देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. तुझ्या आईला पायात गुठळी झाली होती ना, ते डॉक्टरांना आठवणीने सांग. आणि गोळी घेणं म्हणजे हार मानणं असं काही मनात आणू नकोस, चष्मा लागला तेव्हा आणलं होतंस का.

आता शाळेचं. घामाची लाट साधारण एक ते पाच मिनिटांत ओसरते. मेंदूतला जो भाग शरीराचं तापमान सांभाळतो तो या काळात जराशा फरकानेही बिथरतो, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला लागतो, एवढंच असतं ते. वर्गात आली तर मुलांना धड्यातला एक उतारा मनात वाचायला दे, खिडकीपाशी जाऊन उभी राहा, पाण्याचे दोन घोट, आणि श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. मुलांना कळतही नाही. सिंथेटिक साड्या सध्या कपाटातच राहू देत, कॉटन नेस. लॉकरमध्ये एक परकर, एक गडद रंगाची साडी, पॅड आणि एक नॅपकिन कायमचं ठेवून दे, वाईट दिवस सुरू झाल्यावर हे गोळा करायचं त्राण नसतं.

मुख्याध्यापिकांशीही आताच बोल, आत्ता तुझा आवाज शांत आहे तोवर. मी वेळापत्रक करायचे तेव्हा ज्या बाई येऊन स्पष्ट सांगायच्या की मला सलग तीन तास देऊ नका, त्यांच्यासाठी काहीतरी निघायचंच, जी काही न बोलता सोसायची तिच्यासाठी काय करणार. दहावीच्या परीक्षेला सुपरव्हिजन लागली तर तुझ्या वर्गाला रिलीव्हर कधी येणार ते आधी विचारून ठेव, तीन तास बाथरूमला न जाता बसायचं नाही. आणि मुलांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत म्हणून तू घाबरलीस ना, डिमेन्शिया वगैरे नाही गं तो, झोप नाही आणि हार्मोन्स वरखाली, त्यात हे होतं आणि बहुतेकींचं नंतर सुधारतं. बैठकव्यवस्थेचा कागद टेबलावर ठेव.

रात्री तीनला जाग आली की मोबाईल हातात घेऊ नकोस. चहा दुपारी चारनंतर नको. खोलीत हवा खेळती ठेव, उशाशी ओला नॅपकिन आणि पाणी. अर्ध्या तासात झोप नाही आली तर उठून बस, पडून राहून उद्याच्या तासांची चिंता करत बसू नकोस. महिनाभर असंच चाललं तर डॉक्टरांना झोपेबद्दल वेगळं सांग, त्यासाठी समुपदेशनाची एक पद्धत आहे, सीबीटी म्हणतात, झोपेला आणि घामाच्या लाटांच्या त्रासालाही तिचा चांगला उपयोग होतो.

खाण्यापिण्याचं तुला काय सांगायचं, तुला सगळं माहितीये. फक्त हाडांकडे बघ, शेवटच्या पाळीच्या आधीच्या एक वर्षात आणि नंतरच्या दोन वर्षांत हाडं फार झपाट्याने झिजतात. दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००, नाचणी, तीळ, दही, ताक रोजच्या जेवणात असू दे. आणि चालण्याबरोबर वजन उचलायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन सुरुवात कर. व्हॉट्सॲपवर फिरणारं कुठलंही चूर्ण घेत असशील तर तेही डॉक्टरांना दाखव. आणि हो, दोन महिने पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस, या वयातही दिवस राहू शकतात.

घरी सांगितलंस का? नवऱ्याला आणि लेकीला आताच, या बऱ्या आठवड्यातच सांग. भांडण झाल्यावर "माझे हार्मोन्स" असं म्हटलं की ते कारण वाटतं, आधी सांगितलं की माहिती वाटते. लेकीची पाळी नुकतीच सुरू झालीय, तिलाही चिडचिड होते, तिला तर तुझ्यापेक्षा लवकर समजेल. ठरवून ठेवा, कालनिर्णयवर "झ" दिसला की त्या दिवशी सकाळचे डबे नवरा करेल, पोळ्या बाहेरून आल्या तरी चालतील. सासूबाई म्हणतील आम्ही नाही असले लाड केले. त्यांना उलट विचार, तुमची पाळी जाताना तुम्हाला काय काय झालं होतं. कोणी कधी विचारलेलंच नसतं गं त्यांना.

एक शेवटचं. उदासी दोन आठवडे सलग राहिली, कशातच मन लागेना, किंवा जगूच नये असं मनात आलं, तर तो "या वयातला मूड" समजून बसू नकोस. या काळात डिप्रेशनचा धोका वाढतो, त्यावर औषध आहे. तुला बाळंतपणानंतर त्रास झाला होता म्हणून मी जास्त सांगतेय. १४४१६ हा सरकारचा मनाच्या त्रासासाठीचा टेली मानस नंबर आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात. आणि माझा नंबर तर आहेच, कितीही वाजले असले तरी कर.

उद्या मधल्या सुट्टीत दवाखान्यात फोन करून पुढच्या शनिवारची वेळ घे. रक्ततपासणी त्याच्या तीन-चार दिवस आधी उरकून टाक म्हणजे रिपोर्ट हातात असेल. मागच्या दोन महिन्यांचं आठवेल तेवढं आज रात्रीच कालनिर्णयवर भर, दिवाळीच्या आधीचे दिवस पेपर तपासणीच्या तारखांवरून आठवतील बघ. आणि हिमोग्लोबिन किती आलं ते मला कळव.

तुझ्या बाई