वाचक विचारतात: डिस्नेत जेवायचं कुठे, आणि आधीचं सगळं गेलं कुठे?

या वेळी पत्रं उघडली तर फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबद्दलचे चार प्रश्न निघाले आणि चारही पोटाचे. त्यामुळे राइड्स वगैरे पुढच्या खेपेला, आज फक्त खाणं.

प्रश्न: ताई, आम्ही 2012 च्या मे महिन्यात गेलो होतो, लेक तेव्हा चार वर्षांची. मॅजिक किंगडम पार्कमध्ये शिरल्या शिरल्या मेन स्ट्रीटवर एक बेकरी होती, तिथे तिने तोंडभर साखर माखून घेतलेला फोटो अजून फ्रिजवर आहे. आता कॉलेजला जाते आणि म्हणते त्याच बेकरीत जायचं. मैत्रीण म्हणाली तिथे आता स्टारबक्स झालंय. खरं का हो? आणि बाकीचं तरी काही जागेवर आहे का?

उत्तर: खरं आहे. जानेवारी 2013 मध्ये बेकरी बंद झाली आणि जूनमध्ये तिथेच स्टारबक्स सुरू झालं, पण नाव अजून मेन स्ट्रीट बेकरीच, त्यामुळे फोटो काढायला हरकत नाही. बाहेरचे ब्रँड आत येणं तसं नवं नाही म्हणा, 1996 मध्ये डिस्नेने मॅकडोनाल्ड्सशी दहा वर्षांचा करार केला होता आणि तेव्हा पार्कात चक्क त्यांच्या फ्राइज मिळायच्या, आज हे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

आणि तुमच्या खेपेनंतर बरंच हललंय. एपकॉट या दुसऱ्या पार्कातलं इलेक्ट्रिक अम्ब्रेला हे रेस्टॉरंट 2020 मध्ये बंद झालं, त्याच्या जागी एप्रिल 2022 मध्ये कनेक्शन्स नावाचं कॅफे आणि ईटरी उघडली. सगळ्यात मजेशीर गोष्ट बी अवर गेस्टची, म्हणजे मॅजिक किंगडममधल्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या महालासारख्या रेस्टॉरंटची. हे 2012 च्या शेवटी उघडलं, म्हणजे तुमचं थोडक्यात हुकलं. तेव्हा दुपारी काउंटरवर ऑर्डर द्यायची आणि रात्री टेबलावर बसून जेवायचं अशी पद्धत होती, मग 2018 मध्ये रात्रीचं जेवण ठरलेल्या एका दरात तीन कोर्सचं झालं आणि 2020 नंतर दुपारचंही तसंच. म्हणजे आधी नुसतं सूप-सँडविच खाऊन तो महाल बघता यायचा, आता बघायचा तर पूर्ण जेवणाचे पैसे. माझं मत विचाराल तर दुपारची ती सोय गेली हे वाईटच झालं. आणखी एक, मॅजिक किंगडममध्ये 1971 पासून सर्वसाधारण पाहुण्यांना दारू मिळत नव्हती, ती पहिल्यांदा याच ठिकाणी वाइन-बिअरच्या रूपात आली आणि 2018 मध्ये तिथल्या सगळ्या टेबल सर्व्हिस रेस्टॉरंट्सपर्यंत पोचली.

प्रश्न: नमस्कार. आम्ही दोघं, मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 5 वर्षांची. डिस्नेच्याच हॉटेलात पाच रात्री. हे म्हणतात डायनिंग प्लॅन घेऊन टाकू, एकदा पैसे भरले की रोज पाकीट काढायला नको. मला वाटतं आपण एवढं खाणारच नाही. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही. पण ह्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नका, हिशोब दाखवा.

हा प्लॅन 2005 मध्ये आला, 2020 मध्ये थांबला आणि 9 जानेवारी 2024 पासून परत सुरू झाला. आता दोन प्रकार आहेत. साधा, म्हणजे क्विक सर्व्हिसवाला: माणशी प्रत्येक रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. मोठा: काउंटरचं एक, टेबलावर बसून एक आणि एक स्नॅक. शिवाय हॉटेलात पेय पुन्हा पुन्हा भरून घेता येईल असा एक मोठा कप मिळतो. तुम्ही मोठा घेतलात तर चार जणांची पाच रात्रींची वीस टेबल-जेवणं होतात, म्हणजे रोज एकदा चौघांनी टेबल धरून बसायचं, आणि एका बैठकीला तास-दीड तास सहज जातो. पाच वर्षांची मुलगी दीड तास खुर्चीत बसणार? बसत असेल तर तिला माझा नमस्कार सांगा.

अजून दोन-तीन खाचाखोचा. एका खोलीतल्या तीन वर्षांपुढच्या सगळ्यांनी प्लॅन घ्यावा लागतो, दोघांचा घेऊ आणि मुलं वाटून खातील असं चालत नाही. 10 वर्षांपासून पुढे मोठ्यांचा दर, त्यामुळे मुलगा मोठ्यांत. टेबलावरची टिप सहसा प्लॅनमध्ये नसते, म्हणजे पाकीट काढावं लागतंच, ह्यांचा मुद्दा तिथेच संपला. प्लॅनमधलं एक जेवण किंवा स्नॅक म्हणजे एक क्रेडिट, पण काही महागड्या ठिकाणी एका जेवणाला दोन क्रेडिट कापतात. आणि उरलेलं सगळं चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतं, म्हणून मग शेवटच्या संध्याकाळी लोक हॉटेलच्या दुकानात उभे राहून उरलेल्या स्नॅक क्रेडिटच्या कुकीज आणि पॉपकॉर्नच्या पिशव्या गोळा करत असतात, भूक कुणालाच नसते.

मग कुणाला परवडतो? जे रोज एकदा बुफे किंवा मिकी-मिनी टेबलाजवळ येतात असलं जेवण घेणारच आहेत आणि जेवणाबरोबर ड्रिंकही घेतात, त्यांना (21 च्या पुढच्यांना ते प्लॅनमध्ये धरलेलं असतं). तुम्ही असं करा, डिस्नेच्या साइटवर प्रत्येक रेस्टॉरंटचा मेनू दरासकट आहे, तुम्ही खरंच काय मागवाल ते एका दिवसाचं लिहून काढा आणि प्लॅनच्या रोजच्या दराशेजारी मांडा.

प्रश्न: सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सहा महिने आधी टेबल बुक करावं लागतं असं ऐकलं. कुठलं करू?

उत्तर: ते 180 दिवसांचं जुनं झालं, आता 60 दिवस. तिथल्या पहाटे सहाला ऑनलाइन उघडतं, म्हणजे भारतातून करणार असाल तर उन्हाळ्यात दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार, आपल्याला बरंच सोयीचं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना 60 व्या दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं, त्यामुळे अवघड टेबल असेल तर ते मुक्कामाच्या शेवटी ठेवा.

माझ्याकडून एकच नाव, सना. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये आहे, हॉटेलात असल्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवा: नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असं आणि सोबत लहान लहान वाट्यांत नऊ प्रकार, काकडीचं रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, बाकी तिखट-गोड. काचेपलीकडे जिराफ चरत असतात, म्हणून अंधार पडायच्या आतली वेळ घ्या, नंतर काचेत फक्त आपणच दिसतो. नानमध्ये अंडं आहे का हे मात्र बसल्या बसल्या विचारा, गृहीत धरू नका. बाकी ठिकाणी मेनूवर हिरवं पान दिसलं की त्यात मांस, दूध, अंडं, मध काही नाही (ही खूण 2019 पासून आली), पण तळणाचं तेल वेगळं आहे का ते तिथेही विचारायचंच. बेत बदलला तर दोन तास आधीपर्यंत रद्द करा, नाहीतर माणशी 10 डॉलर कापू शकतात.

प्रश्न: मोबाइल ऑर्डर म्हणजे काय भानगड? आणि घरचं खाणं नेऊ देतात का?

उत्तर: 2017 मध्ये अ‍ॅनिमल किंगडम पार्कच्या पँडोरा भागातल्या सातुली कँटीनपासून सुरू झालं, आता काउंटरवाल्या बहुतेक ठिकाणी आहे. अ‍ॅपमध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट निवडायचा, पैसे भरायचे, आणि तिथे पोचल्यावर 'मी आलोय, करायला घ्या' अशा अर्थाचं बटण दाबायचं. लोक हे बटण दाबायचं विसरतात आणि अर्धा तास खिडकीपाशी उभं राहून चिडतात, तोवर आत कुणी तवासुद्धा तापवलेला नसतो. दुपारी बारा-एकचे स्लॉट लवकर भरतात, सकाळी राइडच्या रांगेत उभे असतानाच घेऊन ठेवा.

घरचं खाणं चालतं, मुख्य म्हणजे काचेची बाटली-बरणी नको आणि दारू नको. पाणी विकत घेऊ नका, ज्या काउंटरवर कोल्ड्रिंकचं मशीन आहे तिथे बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो, मागायला लाजू नका.