बाई, एक विचारू?

गेल्या अंकात मी विचारलं होतं, तुमच्या शाळेतलं विज्ञान मंडळ चालू आहे की नुसतं सूचनाफलकावर आहे? पत्रांचा ढीग आला. बरीचशी मुलांचीच, आणि गाऱ्हाणं थोड्याफार फरकानं एकच. आम्हाला विज्ञान आवडतं, इतरांना आवडावं म्हणून धडपडतो, पण कोणी ढुंकून बघत नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं मंडळ सांभाळलं, त्यामुळे हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. पाच पत्रं निवडली. नावं मुद्दाम गाळली आहेत.

बाई, आम्ही नववीतल्या पाच जणी मंडळ चालवतो. रोज परिपाठाला ‘आजची विज्ञानवार्ता’ वाचतो. मागच्या रांगा गप्पा मारतात, पुढच्या जांभया देतात. गेल्या आठवड्यात मी चुकून आदल्या दिवशीचीच वार्ता वाचली, तर कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. काय करू?

शेवटचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसले. मग वाईट वाटलं, कारण माझ्याही मंडळाची वार्ता अशीच चालायची आणि ती ऐकताना मी स्वतः हजेरीपट भरत बसायचे.

वार्ता बंद करा. उद्यापासूनच. ‘जगातला सर्वांत मोठा अमुक, सर्वांत वेगवान तमुक’ हे ऐकून ऐकणाऱ्यानं करायचं काय? त्याऐवजी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाजवळ एक पट्टी घेऊन उभ्या राहा. नळाजवळ अशासाठी, की तिथे रांग आयतीच असते.

तीस सेंटिमीटरची साधी पट्टी. एकीनं ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची, शून्य खाली. समोरच्यानं अंगठा आणि तर्जनी शून्याच्या दोन्ही बाजूंना आणायची, पण टेकवायची नाही. न सांगता पट्टी सोडायची. चिमटीत जिथे सापडेल तो आकडा वाचायचा. बहुतेकांची पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आसपास सापडते. वीसवर सापडली म्हणजे डोळ्यानं पाहून बोटं मिटेपर्यंत सुमारे ०.२० सेकंद गेला. आकडा लागला की मूल दुसऱ्यांदा रांगेत येतंच. मित्राला घेऊन येतं.

आता खरी गंमत. पट्टीवर कागदाची एक चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर सेंटिमीटरऐवजी सरळ सेकंदच मांडा. हिशेब दहावीच्या ताईला जमेल: ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) च्या निम्म्याला सेकंदांच्या वर्गानं गुणलं की पडलेलं अंतर मीटरमध्ये मिळतं. ०.१० सेकंदाची खूण ४.९ सेंटिमीटरवर येते, ०.१५ ची ११ वर, ०.२० ची १९.६ वर. ०.२५ ची खूण करायला गेलात तर ३०.६ येतं, म्हणजे पट्टीच संपली. आमच्या मंडळातल्या मुलींनी ही चिठ्ठी लावली त्या दिवशी सातवीतला एक मुलगा पट्टी हातात घेऊन म्हणाला, “ताई, तुमच्या खुणा चुकल्यात. सारख्या अंतरावर नाहीत.” मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी लांबून खुणेनं सांगितलं, गप्प राहा. त्यानं पट्टी उलटसुलट फिरवली, पुन्हा एकदा सोडून बघितली आणि म्हणाला, “म्हणजे खाली खाली जाताना ती जोरात पडते?” त्याच्या पुस्तकात त्वरण, म्हणजे वेग बदलत जाणं, हा शब्द यायला अजून दोन वर्षं होती.

परिपाठात एकच मिनिट घ्या आणि त्यात आदल्या दिवशीचा निकाल वाचा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यांत चपळ निघाले ते शिपाईमामा, १२ सेंटिमीटर. व्यायामशिक्षक २१ वर. त्या दिवशी मागच्या रांगांनीसुद्धा कान टवकारले होते. पुढच्या आठवड्यात डोळे मिटायला लावा आणि पट्टी सोडतानाच ‘हं’ म्हणा. आकडा वाढतो की कमी होतो, ते मी इथे सांगत नाही.

बाई, आम्ही वर्गावर्गांत जाऊन प्रयोग दाखवतो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ऑक्सिजन जळून गेला आणि त्याची जागा पाण्यानं घेतली, असं सांगतो. सहावीतल्या एकानं विचारलं, “मग मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू का चढलं नाही? विझल्यावरच एकदम का चढलं?” आम्ही ‘नंतर सांगतो’ म्हणून सटकलो. आता माझा मित्र म्हणतो, हा प्रयोगच वगळू या.

प्रयोग वगळू नका. त्या सहावीतल्याला मंडळात घ्या.

तुम्ही सांगता तेच मी अकरा वर्षं सांगत होते, फळ्यावर आकृती काढून, ‘हवेत एक पंचमांश ऑक्सिजन, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं’ असं ठणकावून. मग एका मुलीनं एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच. पाणी चांगलंच वर चढलं. ती म्हणाली, “बाई, ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच आहे ना?” मी घड्याळाकडे पाहिलं, ‘तास संपला’ म्हटलं आणि फळा पुसला. तास संपायला सहा मिनिटं होती. ती मुलं अजून भेटली की मला ती सहा मिनिटं आठवतात.

त्या रात्री घरी जेवणाच्या टेबलावर मी हाच प्रयोग आठ-दहा वेळा केला. नीट बघितलं तर सगळं समोरच घडत होतं. पेटत्या ज्योतीवर ग्लास आणतो तेव्हा आत कोंडली जाते ती तापून फुगलेली हवा. ग्लासाचा काठ पाण्यात टेकल्या टेकल्या तिथून बुडबुडे निसटतात, म्हणजे काही हवा बाहेरही पडते. ज्योत विझली की उरलेली हवा भराभर गार होऊन आकसते, ज्वलनात तयार झालेल्या वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, म्हणून पाणीही जास्त चढतं. तुमच्या सहावीतल्याचं निरीक्षण अगदी नेमकं होतं. पाणी विझल्यावर चढतं, कारण गार होणं विझल्यावर सुरू होतं.

ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण तो संपत नाही. हवेत तो २१ टक्के असतो, आणि तो साधारण १६ टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती मान टाकते. शिवाय जो जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड येतोच. मेणाच्या बाबतीत तीन भाग ऑक्सिजन गेला तर सुमारे दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो पाण्यात इतक्या झटकन विरघळत नाही.

लाज वाटून घेऊ नका. बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्यानं हा प्रयोग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लिहून ठेवला आहे, तेव्हापासून लोक त्याचा चुकीचा अर्थ लावत आले आहेत. आपण त्या रांगेत बरेच मागे आहोत.

पुढच्या वेळी असं करा. पाण्यात थोडी शाई टाका, म्हणजे मागच्या बाकावरूनही दिसेल. ग्लासला एक रबरबँड लावा. आधी एका मेणबत्तीनं करा आणि पाणी चढलं तिथे रबरबँड सरकवा. मग तीन मेणबत्त्या मांडा आणि थांबा. पाणी रबरबँडच्या वर जाईल, खाली राहील की तिथेच येईल? हात वर करायला लावा, आकडे फळ्यावर लिहा. मत दिलेलं मूल निकाल लागेपर्यंत हलत नाही, मग तो क्रिकेटचा सामना असो की ताटलीतलं पाणी. बुडबुडे कुठून निघतात ते बघायला दोघांना अगदी जवळ उभं करा. (केस बांधलेले हवेत, ओढणी खोचलेली हवी.)

आणि ‘नंतर सांगतो’ म्हणालात, त्यात काहीच गैर नाही. फक्त त्या वर्गात परत जा, त्या मुलाचं नाव घ्या आणि सांगा. मी त्या मुलीला सांगायला दुसऱ्या दिवशी गेले खरी, पण सगळ्या वर्गासमोर चूक कबूल करायला मला आठवडा लागला.

बाई, मी विज्ञानशिक्षक आहे. आमच्या मंडळात दरवर्षी तीच पाच-सहा हुशार मुलं येतात. बाकीची म्हणतात, ते त्यांचं काम. काय करावं?

सर, तुमच्या मंडळात प्रवेशाला गुणांची अट आहे का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. असेल तर उत्तर तिथेच संपलं.

विजेवरच्या शोधांसाठी पुढे प्रसिद्ध झालेला मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. शाळा जवळपास नाहीच. १८१२ मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं मिळाली. त्यानं बसून टिपणं काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानं बांधणी केली आणि ती वही डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागला. १८२५ मध्ये त्याच संस्थेत मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांची सुरुवात झाली, त्यामागेही तोच होता. गुणपत्रक मागितलं असतं तर तो दारातूनच परत गेला असता.

मंडळात अशी कामं काढा, की ज्यांना हुशारीपेक्षा चिकाटी लागते. माझ्याकडे एक मुलगा होता, दर दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभा. समोर मैदान, मैदानात झेंड्याचा खांब. मी त्याला म्हटलं, उभाच आहेस तर एक काम कर. दर सोमवारी घड्याळात बरोबर साडेअकरा वाजता खांबाच्या सावलीचं टोक जिथे असेल तिथे ठिपका दे. खडूचे ठिपके पुसले जायला लागले तेव्हा त्यानंच ऑइलपेंटचा डबा आणला. ढगाळ सोमवारी तो चिडायचा. तिसऱ्या महिन्यात धावत आला, “बाई, खांब हलवलाय का कुणी? सावली नुसती लांब-आखूड होत नाहीये, आडवीपण सरकतेय!”

वर्षभरात त्या ठिपक्यांचा एक लांबट, एका बाजूला फुगीर असा इंग्रजी आठ तयार झाला. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि तिची कक्षा नेमकी वर्तुळ नाही, या दोन गोष्टींमुळे सूर्य आपल्या घड्याळाशी जमवून घेत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सरासरीपेक्षा सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं मागे. हे मी त्याला सांगितलं, पण ते त्यानं आधी स्वतःच्या पायाखाली बघितलं होतं. त्या वर्षी प्रदर्शनात पाहुण्यांना थर्माकोलचे ज्वालामुखी दाखवून झाल्यावर मी मैदानात नेलं. समजावून सांगत होता तो मुलगा, आणि हुशार पाच जण मागे उभे राहून ऐकत होते.

बाई, माझी मुलगी दहावीत आहे आणि मंडळाची प्रमुख. गुणांवर परिणाम होईल का?

थोडा वेळ नक्की जाईल. मंडळामुळे गुण वाढतात असं आमिष मी दाखवणार नाही. तिला फक्त एवढं विचारा, की मंडळातलं कोणतं काम तू नववीतल्यांच्या हातात देऊ शकतेस? परीक्षेच्या आधी तीन महिने तिनं ते सोपवलं तर तिचाही वेळ वाचेल आणि ती गेल्यावर मंडळही मरणार नाही. माझी दोन मंडळं अशीच, प्रमुख पास होऊन गेल्यावर बसली.

बाई, प्रदर्शनात हायड्रोजनचा फुगा पेटवून मोठा बार काढायचा आहे. गर्दी तुफान जमेल. चालेल ना?

नाही चालणार. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो, म्हणजे चुकायला तुला जागाच उरत नाही. आणि गर्दीच्या लक्षात फक्त बार राहील. का झाला, हे विचारायला कोणी थांबणार नाही.

त्यापेक्षा मोठ्या काचेच्या भांड्यात तीन मेणबत्त्या लाव, एक बुटकी, एक मध्यम, एक उंच. जगमध्ये खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र कर, फेस बसू दे, आणि पाणी न सांडता जग नुसता कलता कर. दिसणार काहीच नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो भांड्यात तळापासून साचत जातो आणि मेणबत्त्या एकेक करून विझतात. बुटकी आधी, उंच शेवटी. ती शांतता बघण्यासारखी असते.

मग त्याच बुटक्या आणि उंच मेणबत्त्या पुन्हा पेटव आणि या वेळी काही न ओतता वर मोठी बरणी उपडी घाल. यातही मेणबत्त्या विझवायला कार्बन डायऑक्साइड हातभार लावतोच. पण आता बहुतेक वेळा उंच मेणबत्ती आधी विझते.

का, ते प्रदर्शनात लोकांनाच विचार. सगळ्यांत चांगलं चुकलेलं उत्तर मला लिहून पाठव.