लॅपटॉप आधी परत द्या

पत्र : मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगा इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीजीपीए 7.1, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय. गेलं वर्षभर तो रात्री जागून रस्ट नावाच्या कुठल्यातरी प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरमधले बग, म्हणजे दोष, काढतो आणि एरर मेसेज सुधारतो. एक रुपया मिळत नाही. मला तर हे प्रूफरीडरचं काम वाटतं. बहिणीचा मुलगा पुण्यात लागला, सहा लाखांचं पॅकेज. याला सांगून सांगून थकलो. शेवटी दिवाळीनंतर लॅपटॉप काढून घेतला, कॉलेजच्या कामापुरता संध्याकाळी दोन तास देतो. तेव्हापासून घरात फारसं बोलत नाही. पुण्याला फुल स्टॅकचा सहा महिन्यांचा क्लास लावू की एमपीएससीला बसवू? माझ्या वडिलांची मिल बंद पडली तेव्हा आम्ही कसे दिवस काढले ते याला ठाऊक नाही. स्पष्ट सांगा.

उत्तर :

स्पष्टच सांगते. तुमच्या पत्रात मार्क आहेत, पॅकेज आहे, क्लास आहे. या सगळ्यांच्या मध्ये एक वाक्य तुम्ही सहज टाकून पुढे गेलात : ‘तेव्हापासून घरात फारसं बोलत नाही.’ माझी काळजी तिथे आहे. एम-थ्री पुढच्या परीक्षेत सुटेल. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा जेवताना मान खाली घालून उठून जातो, हे आपोआप सुटणारं प्रकरण नाही.

तुम्ही नेमकं काय काढून घेतलंत, याची तुम्हाला कल्पना नसावी. अशा ओपन सोर्स, म्हणजे कुणीही हातभार लावावा अशा मोकळ्या प्रकल्पात काम कसं चालतं ते ऐका. कुणीतरी तक्रार नोंदवतं की अमुक कोड लिहिला तर कंपायलर चुकीची सूचना देतो. एखादा मुलगा ती तक्रार स्वतःच्या नावावर घेतो, म्हणजे ‘हे मी करतो’ असं चारचौघांत लिहून देतो. मग दुरुस्ती पाठवतो. दुसऱ्या देशातला कुणी अनुभवी माणूस ती ओळ न् ओळ तपासतो, शंका विचारतो, बदल सुचवतो आणि उत्तराची वाट बघतो. तुमच्या मुलानं दिवाळीनंतर त्या माणसाला काय कळवलं असेल? वडिलांनी लॅपटॉप घेतला, असं? बहुतेक काहीच कळवलं नसेल. नाव घेतलेलं काम तसंच पडलं असेल आणि त्याची लाज त्याला तुमच्या रागापेक्षा जास्त वाटत असेल. ऑर्डर घेतली आणि माल पाठवला नाही, तर बाजारात आपली काय पत राहते हे तुम्हाला मी सांगायला नको.

वडिलांच्या मिलबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत, पण पत्र सगळं तिथूनच आलंय. सोलापुरात ही भीती घराघरांत आहे. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या शहरात एकेक भोंगा बंद होत गेला. त्या घरांतली मुलं मोठी होताना एकच गोष्ट शिकली : महिन्याच्या महिन्याला पगार येतो तेच काम, बाकीचे सगळे नाद. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती तुम्ही मुलाला कधी नीट सांगितलीय का? ‘त्याला ठाऊक नाही’ असं तुम्हीच लिहिता. मग सांगा ना. आजोबांची मिल बंद पडली तेव्हा घरात काय विकलं, कुणाची शाळा सुटली, तुम्ही पहिला माग कसा घेतलात, हे सांगा. आत्याच्या मुलाचं पॅकेज रोज ऐकवण्यापेक्षा ते त्याला जास्त कळेल. आणि त्या सहा लाखांत पुण्याचं भाडं, मेस आणि दर सुट्टीला हुतात्मा एक्स्प्रेस जाऊन उरतं किती, तेही कधी बहिणीला विचारा. असो.

आता ‘प्रूफरीडर’. हा गैरसमज तुमच्यासारख्या पालकांचाच आहे असं नाही, बऱ्याच इंजिनिअरांचाही आहे, म्हणून इथे जरा थांबते. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा सूचनांमध्ये बदलतो तो कंपायलर. लिहिणाऱ्याचं चुकलं की तो अडतो आणि काय चुकलं ते सांगतो. हे सांगणंच अवघड आहे. तुमच्या मागावर बाण्याचा आडवा धागा संपला की माग थांबतो, पण ताण्याचा एक उभा धागा तुटला आणि विणकराचं लक्ष नसलं तर टॉवेलात उभी रेघ पडत जाते. दोष दिसतो एकीकडे, कारण असतं दुसरीकडे. तुमचा चांगला जॉबर कापडाकडे बघतो आणि हात बरोबर त्या धाग्यापाशी नेतो. प्रोग्रॅममध्येही तसंच होतं. चाळिसाव्या ओळीवर कंस मिटवायचा राहतो आणि कंपायलर अडतो दोनशेव्या ओळीवर. जुने कंपायलर अशा वेळी पन्नास चुकांची यादी तोंडावर फेकत, त्यातली पहिलीच काय ती खरी असे. पहिली चूक कळल्यावर पुढच्या खोट्या चुका दाबायच्या, तरी दुसरी खरी चूक लपू द्यायची नाही. लिहिणाऱ्यानं नावात एखादं अक्षर चुकवलं असेल तर जवळचं खरं नाव शोधून ‘हे म्हणायचं होतं का?’ असं विचारायचं. कुठली सूचना इतकी पक्की आहे की यंत्रानं परस्पर लागू करावी आणि कुठली नुसती अंदाज आहे, हेही ठरवायचं. रस्टच्या कंपायलरमध्ये प्रत्येक सूचनेवर तशी खूण करावीच लागते. एवढं करायचं तर भाषेचं व्याकरण, टाइपांचे नियम आणि कंपायलरचं पोट, तिन्ही माहीत लागतं. शेवटी जे एक वाक्य दिसतं तेवढंच तुम्हाला दिसलं.

आणि कधीकधी कंपायलर स्वतःच कोसळतो. लिहिणाऱ्याचा कोड बरोबर असो वा चूक, कंपायलरनं कोसळायला नको. कोसळला तर तो बग, आणि तसं तो स्वतःच छापून कबूल करतो. मग कुणीतरी हजार ओळींचा प्रोग्रॅम कापत कापत आठ-दहा ओळींवर आणायचा, रोज रात्री निघणाऱ्या आवृत्त्या मागे मागे तपासत कुठल्या बदलानं हे झालं ते गाठायचं, दुरुस्त करायचं आणि तो दोष परत येऊ नये म्हणून चाचणी लिहून ठेवायची. अशा हजारो चाचण्या साठलेल्या आहेत. मेसेजमधला एक शब्द बदलला तरी त्यातल्या ढीगभर फाइली बदलतात आणि प्रत्येक फरक डोळ्यांखालून घालावा लागतो. तुमचा मुलगा रात्री जागतो ते यासाठी.

हे काम कोण गंभीरपणे घेतं, असं विचाराल. क्लँग नावाचा कंपायलर आला तेव्हा त्याच्या नेमक्या एरर मेसेजांनी लोकांना खेचलं आणि मग 1987 पासून चालत आलेल्या जीसीसी या कंपायलरलाही आपले मेसेज सुधारावे लागले. पायथॉन ही भाषा तर तुमच्या मुलाच्या कॉलेजातही शिकवत असतील. तिच्या 2021 मधल्या 3.10 आवृत्तीची एक मोठी जाहिरातच ही होती की चुका आता नीट कळतील. न मिटलेला कंस कुठे उघडला होता ते ती आता सांगते. ‘कुठलीतरी भाषा’ म्हणालात ती रस्ट 2022 च्या अखेरीला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शिरली, अँड्रॉइडमध्येही आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तिचा थोडाफार कोड असण्याची शक्यता बरीच आहे. आणि फुकटचं म्हणाल, तर ही भाषाही 2006 मध्ये ग्रेडन होअर या प्रोग्रॅमरनं नोकरी सांभाळून, स्वतःच्या वेळात सुरू केलेली आहे. मोझिला कंपनी पाठीशी उभी राहिली ती पुढे, 2009 मध्ये.

मराठी माध्यम तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलंत. मला ते या कामात जमेचं वाटतं. एरर मेसेज वाचून जो कधी गोंधळलाच नाही, त्याला तो सुधारायचं सुचणार कुठून? रस्टच्या मंडळींनी मेसेज कसे लिहावेत याचे नियम घालून दिलेत : वाक्य छोटं, भाषा साधी, आणि ‘इल्लीगल’ हा शब्द टाळून ‘इनव्हॅलिड’ म्हणावं. चुकणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जेवणाच्या ताटावरही हा नियम वाईट नाही.

आता तुम्हाला आवडेल अशी बाजू. कंपायलरच्या नोकऱ्या थोड्या आहेत. तुमच्या मुलाच्या कॉलेजात त्यासाठी कुणी कॅम्पसला येईल ही आशा धरू नका. बहुतेक जागा बंगळूर, हैदराबाद आणि पुण्यात, एनव्हिडिया, एएमडी, क्वालकॉम, इंटेल अशा चिपवाल्या कंपन्यांत असतात आणि तिथलं काम मुख्यतः एलएलव्हीएम या कंपायलर बांधायच्या तयार संचावर, सी प्लस प्लस भाषेत चालतं. नुसते एरर मेसेज सुधारून तिथे निभावणार नाही. कंपायलरचा पुढचा भाग माणसाशी बोलतो, मागचा भाग यंत्राशी, आणि पगार जास्त करून मागच्या भागाला मिळतो. पण रस्टचा कंपायलर हा मागचा टप्पा सहसा एलएलव्हीएमवरच सोपवतो, म्हणजे मुलगा त्या कामाच्या फार लांब नाही. वर्षभरात सी प्लस प्लस आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर पक्कं केलं तर तो तिथे जाऊ शकतो. हे परदेशातलंच काम आहे असंही समजू नका. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं जपानच्या रेनेसास कंपनीच्या चिपांसाठी जीसीसीची अवजारं वर्षानुवर्षं सांभाळली आणि आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्रच उभं केलं.

गेट (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) त्यानं द्यावी; कंपायलर डिझाइन त्या पेपरात आहेच आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. सी-डॅकचा कोर्स हा दुसरा बरा पर्याय. एमपीएससीबद्दल एवढंच, की ज्याला स्वतःला अधिकारी व्हायचंय त्यानं ती द्यावी. वडिलांच्या धास्तीपायी दिलेली एमपीएससी मी पाच-सहा वर्षं खाताना पाहिली आहे. फुल स्टॅकचा क्लास नको. जो मुलगा हजारो फाइलींच्या परक्या कोडमध्ये शिरून बग शोधतो, त्याला वेबसाइट करायला शिकण्यासाठी तुमचे पैसे नकोत. लागलीच गरज तर तो ते सुट्टीत शिकेल.

त्याचंही चुकतंय आणि तेही लिहिते, हे त्याला वाचून दाखवा. एम-थ्री आधी सोडव. बॅकलॉग असताना बऱ्याच कंपन्या अर्जच पुढे सरकू देत नाहीत. तिथे तुझी कितीही दुरुस्ती जगभर चालत असली तरी कुणी उघडून बघणार नाही. रोज पहाटे तीनपर्यंत जागणं बंद कर. रस्टची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते, तुझा बग या खेपेला नाही तर पुढच्या खेपेला जाईल. पाच ठिकाणी हात घालण्यापेक्षा कंपायलरचा एकच भाग धर, तिथले लोक तुला नावानं ओळखतील इतपत. आणि वडिलांना समजेल असं तू एकदा तरी सांगून पाहिलंस का? मोबाइलवर बोटं नाचवत ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणाला असशील, तर लॅपटॉप गेला त्यात थोडा वाटा तुझाही आहे.

पैशाचा प्रश्न तुम्हाला पडणारच, म्हणून सांगते. गूगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम 2005 पासून चालतो. त्यात निवड झाली तर अशाच मोकळ्या प्रकल्पांवर काम करायचे पैसे मिळतात. एलएलव्हीएम आणि जीसीसी त्यात बऱ्याच वर्षांपासून आहेत, रस्टही 2024 मध्ये आली. अर्ज साधारण मार्चमध्ये असतात. निवड होईलच असं नाही, पण ज्याच्या दुरुस्त्या आधीच स्वीकारल्या गेल्यात त्याचा अर्ज कोऱ्या पोरांच्या अर्जापेक्षा वरच राहतो. म्हणजे वर्षभराचं ‘फुकट’ काम तिथे मोजलं जातं.

तर आज संध्याकाळी लॅपटॉप द्या, दोन तासांचं बंधन काढा आणि बदल्यात एम-थ्रीचा फॉर्म भरल्याची पावती मागा. येत्या रविवारी त्याला कारखान्यात बोलवा. त्याची स्वीकारली गेलेली कुठलीही एक दुरुस्ती उघडायला सांगा : आधी मेसेज काय येत होता, आता काय येतो, आणि तपासणाऱ्यानं त्याला किती वेळा परत पाठवलं. मधे पॅकेजचा विषय काढायचा नाही. पुढचं पत्र मला त्याला लिहू द्या. त्यात सी प्लस प्लस कुठवर आलंय तेवढं कळवावं, म्हणजे गेट आधी की नोकरी आधी हे मला ठरवून सांगता येईल.