उबुंटूवर आरसॅट बसत नाही, पण काम अडत नाही

तुमची अडचण अशी: नव्या नोकरीत आयटीत लागलात, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, कंपनीतली दीडशेएक माणसं विंडोज डोमेनवर (एकाच जागेवरून सांभाळल्या जाणाऱ्या खात्यांच्या जाळ्यावर) आहेत आणि कुणाचा पासवर्ड बदलायचा, कुणाचं लॉक झालेलं खातं सोडवायचं, की दर वेळी सर्व्हर रूमपर्यंत चक्कर. म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे या सगळ्या खात्यांची नोंदवही, सांभाळायची विंडोजची साधनं, म्हणजे आरसॅट, वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) घालून उबुंटूवर चालवता येतील का, असं विचारताय.

नाही चालणार. मी स्वतः दोन शनिवार यात घालवलेत. आरसॅट हा सुटा प्रोग्रॅम नाही. तो विंडोजच्याच पोटातल्या एमएमसीवर, म्हणजे प्रशासनाच्या साधनांच्या चौकटीवर, बसतो आणि विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तर त्याचं वेगळं डाउनलोडही नाही, सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांतून तो चालू करावा लागतो. म्हणजे वाइनला खायला द्यायला फाइलच हातात नाही. आणि विंडोजच्या होम आवृत्तीवरही तो मिळत नाही, त्यामुळे 'घरचा विंडोज लॅपटॉप आणतो' हाही मार्ग बहुधा बंद.

पण तुम्हाला ती खिडकी हवीय की खिडकीमागचं काम? ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं झाकण उघडलं तर आत मुख्यतः तीन ओळखीच्या गोष्टी निघतात: नाव शोधायला डीएनएस, ओळख पटवायला कर्बरॉस आणि माहिती ठेवायला एलडॅप. तिन्ही लिनक्सला वर्षानुवर्षं येतात. साधन कुठलं टाकायचं हे नंतर बघू. आधी हे तीन पाय जमिनीला लागू द्या, कारण 'साधन चालत नाही' म्हणून येणाऱ्या दहा तक्रारींत आठ वेळा यातलाच एक पाय हवेत असतो.

डीएनएसपासून सुरुवात करा. लॅपटॉपला डीएनएस म्हणून डोमेन कंट्रोलरचाच (डोमेन चालवणाऱ्या मुख्य सर्व्हरचाच) पत्ता द्या, राउटरचा किंवा बाहेरचा कुठला नाही. मग डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड वापरून डोमेनच्या एलडॅपची एसआरव्ही नोंद (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) विचारा. उत्तरात डोमेन कंट्रोलरचं नाव आणि ३८९ हा पोर्ट दिसला की पाय टेकला. डोमेनचं नाव 'डॉट लोकल'ने संपत असेल तर जरा सावध. जुन्या कंपन्यांत अशी नावं खूप. उबुंटू १४.०४ च्या काळात एका कारखान्यात मी यात दोन दिवस अडकलो होतो: डोमेन कंट्रोलरला डिगने थेट विचारलं की उत्तर चोख, आणि त्याच नावाला पिंग केलं की 'असं कुणी नाही'. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, काही फरक नाही. शेवटी कळलं की 'डॉट लोकल' हे आडनाव लिनक्स मल्टिकास्ट डीएनएससाठी (एमडीएनएस, म्हणजे सर्व्हरऐवजी आसपासच्या यंत्रांनाच नाव विचारायची पद्धत) राखून ठेवतं, म्हणून नावाचा प्रश्न डीएनएसपर्यंत पोचतच नव्हता. नाव कुठे कुठे आणि कुठल्या क्रमाने शोधायचं ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधल्या होस्ट्सच्या ओळीत डीएनएस हा शब्द एमडीएनएसच्या आधी आणून ठेवला आणि दोन मिनिटांत काम झालं. नव्या आवृत्त्यांत हा त्रास कमी झालाय, तरी ही ओळ एकदा बघून घ्या.

दुसरा पाय कर्बरॉसचा, आणि तो घड्याळावर उभा असतो. कर्बरॉस साधारण पाच मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतील तर मजा बघा: विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच जागतिक वेळ समजून वाचतं आणि वर आपले साडेपाच तास चढवतं. सकाळी दहाला लॅपटॉप उघडला की कोपऱ्यात दुपारचे साडेतीन! घरी इंटरनेटवरून वेळ आपोआप सुधारते म्हणून कधी लक्षात येत नाही. ऑफिसच्या फायरवॉलने बाहेरचे वेळेचे सर्व्हर अडवले असतील तर मात्र तिकीट (कर्बरॉस ओळख पटल्यावर देतं तो तात्पुरता पास) मिळत नाही आणि माणूस पासवर्डवर संशय घेत बसतो. वेळही डोमेन कंट्रोलरकडूनच घ्या.

मग कर्बरॉसचं युजर पॅकेज टाका आणि केइनिट या कमांडने तिकीट मागा. इथे नवखे हमखास अडकतात ते एका गोष्टीवर: डोमेनचं नाव कॅपिटल अक्षरांतच लिहायचं. लहान अक्षरांत लिहिलं तर 'केडीसीचं (तिकीट देणाऱ्या सेवेचं) उत्तर अपेक्षेशी जुळत नाही' अशा अर्थाची एक गूढ ओळ येते, आणि त्यात अक्षरांचा उल्लेखसुद्धा नसतो. तिकीट मिळालं की केलिस्टने बघा. डोमेनच्या मूळ सेटिंगनुसार ते दहा तास टिकतं, म्हणजे सकाळी नऊचं संध्याकाळी सातपर्यंत. लॅपटॉप डोमेनला जोडणं यासाठी गरजेचं नाही, त्यात आत्ता पडू नका.

आता साधनं. माझं रोजचं ऐंशी टक्के काम सांबा-टूलवर होतं. सांबा म्हणजे लिनक्सला विंडोजच्या नेटवर्कची भाषा शिकवणारं सॉफ्टवेअर. सांबा ४.० डिसेंबर २०१२ मध्ये आलं तेव्हापासून सांबा स्वतः डोमेन कंट्रोलर होऊ शकतं, आणि त्याचं हे साधन खऱ्या विंडोज डोमेन कंट्रोलरशीही लांबून बोलतं. एलडॅपचा पत्ता द्यायचा, कर्बरॉसचं तिकीट वापर म्हणायचं, झालं. वापरणाऱ्यांची यादी, नवा पासवर्ड, 'पुढच्या लॉगिनला बदलायला लाव', खातं बंद-चालू, ग्रुपमध्ये माणूस घालणं-काढणं, डीएनएसच्या नोंदी, सगळं. सोमवारी सकाळी वीस जण पासवर्ड विसरून येतात तेव्हा दहा ओळींची शेल स्क्रिप्ट आरसॅटच्या खिडकीपेक्षा केव्हाही वेगवान. एक मात्र लक्षात ठेवा: सांबाचं मुख्य पॅकेज टाकलंत तर फाइल शेअर करणारी सेवाही आपोआप चालू होते. ती बंद करा, लॅपटॉपवर तिचं काही काम नाही.

डोळ्यांसमोर डिरेक्टरीचं झाड दिसल्याशिवाय चैन पडत नसेल तर अपाची डिरेक्टरी स्टुडिओ घ्या. जावावर चालतो, थोडा जड आहे, पण फुकट आहे आणि डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद उघडी करून दाखवतो. यात मात्र हात जपून. इथे 'खातं बंद करा' असं बटण नाही, युजर-अकाउंट-कंट्रोल नावाचा एक आकडा आहे. साधं चालू खातं ५१२, बंद खातं ५१४. हे पाठ करून मी एकदा शहाणपणा केला. बॅकअपच्या सेवा-खात्यावर (माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतो त्या खात्यावर) ६६०४८ होतं. ते तात्पुरतं बंद करायला मी ५१४ लिहिलं आणि तासाभराने ५१२ लिहून परत चालू केलं. त्या रात्री बॅकअप पडला. हा आकडा म्हणजे बेरीज आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं: ६६०४८ म्हणजे ५१२ अधिक ६५५३६, आणि तो ६५५३६ म्हणजे 'पासवर्ड कधीच संपत नाही'. मी तोच पुसला, पासवर्ड होता कित्येक वर्षं जुना, तो तिथल्या तिथे कालबाह्य झाला. बंद करायचं तर असलेल्या आकड्यात २ मिळवायचे, चालू करताना २ वजा करायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही. लॉक झालेलं खातं सोडवायला लॉकआउट-टाइम शून्य करा, ते निर्धोक आहे. आणि साध्या पासवर्डने जोडताना 'अधिक भक्कम ओळख हवी' अशी चूक आली तर सर्व्हर बरोबर आहे, तुम्ही उघड्यावरून बोलताय: कर्बरॉस वापरा, नाहीतर ६३६ पोर्टवरून प्रमाणपत्रासह या.

ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनमधल्या सगळ्या मशीनना एकदम लागू होणारे नियम, मात्र लिनक्सवरून करायच्या फंदात पडू नका. सांबा-टूलने पॉलिसींची यादी, बॅकअप वगैरे होतं, पण रोजचं संपादन विंडोजच्या साधनातूनच करावं. त्यासाठी कंपनीकडे एक वेगळा विंडोज सर्व्हर मागा, खुद्द डोमेन कंट्रोलर नको. त्यावर आरसॅट चालू करून रेमिनाने (उबुंटूवरून दुसऱ्या मशीनचा स्क्रीन उघडणाऱ्या प्रोग्रॅमने) शिरा. प्रशासकीय कामाला एका वेळी दोन सेशन वेगळ्या परवान्याशिवाय चालतात. त्याच सर्व्हरवर विंडोज ॲडमिन सेंटर हे ब्राउझरमधून चालणारं साधन बसवलं तर बरंच काम उबुंटूच्या क्रोममधूनही होतं (ते डोमेन कंट्रोलरवर बसवायला मायक्रोसॉफ्टचीच मनाई आहे). कमांडवाले असाल तर एसएसएचने (लांबून कमांड चालवायच्या सुरक्षित जोडणीने) शिरून पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांडची खिडकी, चालवा. पण पासवर्डऐवजी एसएसएचची किल्ली-फाइल वापरून शिरलात तर पुढे डोमेन कंट्रोलरकडे जाताना तुमची ओळख सोबत जात नाही आणि कमांड नकार खाते. तिथे पासवर्डनेच शिरावं लागतं.

सर्व्हर मिळत नसेल तर केव्हीएमवर (लिनक्समध्येच आभासी मशीन चालवायची सोय) विंडोज एंटरप्रायझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकून आरसॅट शिकून घ्या. ते मशीन डोमेनला जोडलेलं नसलं तरी विंडोजच्या रनॲज कमांडला नेटओन्ली (ही ओळख फक्त नेटवर्कवर वापर) सांगून एमएमसी डोमेनच्या खात्याने उघडता येतं.

एवढं सगळं करायच्या आधी साहेबांकडून एक गोष्ट लेखी घ्या. स्वतःचा लॅपटॉप आहे म्हणताय, तर त्यावर डोमेन ॲडमिनचा पासवर्ड टाइप करू नका, कुणी दिला तरी. फक्त कर्मचाऱ्यांच्या ओयूवर (डिरेक्टरीतल्या त्यांच्या खात्यांच्या कप्प्यावर) पासवर्ड बदलण्याचा आणि लॉक काढण्याचा अधिकार तुमच्या एका वेगळ्या खात्याला डेलिगेट करून, म्हणजे सोपवून, मागा. विझार्डमधलं पाच मिनिटांचं काम आहे, त्यांना नाही म्हणायला कारण नाही. आणि निघताना केडिस्ट्रॉय कमांडने तिकीट टाकून द्या, लॅपटॉप बसमध्ये राहिला तरी रात्री झोप लागेल.