जमाव, झुंड आणि ‘समाज’मधला अज्

प्रश्न असा आला आहे: ‘स्टीव्ह राइशर या सामाजिक मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनावर मराठीत लेख लिहायचा आहे. “क्राउड”साठी झुंड, समूह की जमाव? आणि “समाज” हा शब्द “समजणे”वरून आला का?’

झुंड तर मुळीच नको. रस्त्यावर माणसे जमून ओरडू लागली की बातमीत ‘झुंडीची मानसिकता’ हजर होते. हे इतके अंगवळणी पडले आहे की घटना सांगण्याआधीच आपण निकाल देऊन मोकळे झालो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. झुंड म्हटली की ती अंगावर येणार आणि तिला डोके नसणार, हे शब्दातच बसलेले आहे. राइशर यांनी आयुष्यभर याच समजुतीशी झगडा मांडला. त्यांच्यावरच्या लेखाची सुरुवात त्याच शब्दाने करू नका.

गर्दी, घोळका, जथा, टोळी यांचे अर्थ सर्वांना माहीत आहेत, त्यात वेळ घालवत नाही. दुसरा प्रश्न खरा रसाळ आहे.

‘समजणे’ आणि ‘समाज’ यांचे काहीही नाते नाही. समजणे आले ‘संबुध्यते’वरून, प्राकृतातून घासत घासत, त्यात बुध् धातू आहे, बोध आणि बुद्ध यांतला. त्यामुळे ‘एकमेकांना समजून घेतो तो समाज’ हे भाषणात कितीही टाळ्या घेवो, व्युत्पत्ती म्हणून ते खोटे आहे. ‘सम + अज, म्हणजे समान जन्माचे’ ही दुसरी लोकप्रिय फोड तर त्याहून वाईट. अज म्हणजे न जन्मलेला. त्यातून समान जन्म कसा निघणार?

समाजात आहे तो अज् हा धातू. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘गतिक्षेपणयोः’ असा दिला आहे: जाणे, आणि ढकलणे किंवा हाकणे. पाणिनीने या धातूसाठी एक वेगळे सूत्रच केले, ‘समुदोरजः पशुषु’ (३.३.६९). सम् किंवा उद् या उपसर्गाच्या पुढे अज् आला आणि विषय जनावरांचा असला, तर अकार ऱ्हस्व राहतो: समज, उदज. एरवी तो दीर्घ होतो: समाज. अमरकोशही तेच सांगतो, ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. गुरांचा समज, इतरांचा समाज! एका मात्रेवर केवढा भेद तोलला आहे. हे सूत्र मी कितीही वेळा वाचले तरी माझा आनंद कमी होत नाही.

इथे बहुतेक कोशकारांशी माझे भांडण आहे. ते ‘गती’ पकडतात आणि ‘एकत्र जाणे, जमणे’ एवढ्यावर थांबतात. मग पाणिनीच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या टीकेने ‘उदज’चा अर्थ ‘प्रेरण’, म्हणजे गुरे हाकणे, असा का दिला? लॅटिन ‘आगेरे’ आणि ग्रीक ‘आगेइन’ ही याच धातूची भावंडे. त्यांच्यातही हाकणे, पुढे घालून नेणे हाच अर्थ ठळक आहे, आणि लोकांना चिथावून आपल्या मागे नेणाऱ्याला जो ‘डेमगॉग’ शब्द आहे, त्यातही हेच ग्रीक क्रियापद आहे. म्हणून माझे म्हणणे असे: समज म्हणजे दुसऱ्याने हाकलेला मेळा, आणि समाजात हाकणारे व चालणारे एकच. पाणिनीने असे कारण दिलेले नाही. हा अर्थ मी लावतो, आणि तो मला घट्ट पटलेला आहे.

शिवाय ‘समाज’चा जुना अर्थ आजच्यासारखा अमूर्त नव्हताच. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात अशोक ‘न च समाजो कतव्यो’, म्हणजे समाज करू नये, असे म्हणतो. तिथे समाज म्हणजे लोकांचा प्रत्यक्ष मेळावा. त्याला त्यात पुष्कळ दोष दिसतात, पण लगेच तो हेही सांगतो की काही समाज चांगले असतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या राजाला जमावा-जमावांत फरक करता येत होता. १८९५ मध्ये जमावाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिणाऱ्या गुस्ताव ल बाँने जमावांचे प्रकार पाडले खरे, पण मूळ स्वभाव सगळ्यांचा एकच मानला. त्याच्या मते गर्दीत शिरलेल्या माणसाचे व्यक्तित्व विरघळते, भावना साथीसारख्या पसरतात, आणि कोणीही यावे व हाकून न्यावे. म्हणजे त्याने सगळ्या समाजांचा समज करून टाकला.

राइशर यांनी त्याला उत्तर दिले ते एका दंगलीतून. २ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि लोक उसळले. पोलिसांवर दगड पडले, त्यांच्या गाड्या जळाल्या, बँकेवर हल्ला झाला. पण वस्तीतली घरे व रहिवाशांची दुकाने जवळजवळ सगळी वाचली, पोलीस हद्दीबाहेर गेल्यावर त्यांचा पाठलाग झाला नाही, आणि काही जण तर रस्त्यावरची वाहतूक सुरळीत करत होते. पिसाळलेला कळप हद्द बघून थांबत नाही. राइशर यांनी १९८४ च्या निबंधात याच मर्यादांचे स्पष्टीकरण दिले: लोक स्वतःला ‘सेंट पॉल्सचे’ मानून वागत होते, आणि काय करणे आपल्याला शोभते हे त्या ओळखीतून ठरत होते. व्यक्तित्व विरघळले नव्हते. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आले होते.

या विचाराचा पाया हेन्री ताजफेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाचा, तोही ब्रिस्टलमधलाच. तिथे ‘समूह’ शब्द चपखल बसतो. सम् + ऊह् म्हणजे लोटून एकत्र करणे; संस्कृतात केरसुणीला ‘समूहनी’ म्हणतात. ताजफेलनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीवरून दोन गटांत टाकल्याचे भासवले. प्रत्यक्षात वाटणी यादृच्छिक होती. मुले एकमेकांना दिसत नव्हती, आणि पैसे वाटायचे ते इतरांना, स्वतःला नाही. तरी त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे, अशीही निवड केली. केरसुणीने लोटल्यासारखे एकत्र आणले, तेवढ्यावर हे झाले.

तेव्हा शीर्षकात ‘जमाव’ घ्या. नुसती शेजारी उभी असलेली माणसे दाखवायची तिथे ‘गर्दी’ लिहा. हा फरक राइशरही काटेकोरपणे करतात. ‘समूह’ ताजफेलच्या प्रयोगांसाठी राखून ठेवा. आणि मजकुरात कुठे ‘जमाव बिथरला’ असे आले असेल, तर तो नेमका कोणावर धावला आणि कोणाला वगळून गेला, हे आधी लिहा.