त्याच्या डबीतली गोळी तुमच्यासाठी नाही

‘आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. माझा निगेटिव्ह, तोही दोनदा करून. का, कसं, कधी यावर भांडून झालं, रडून झालं. आम्हाला एकत्र राहायचं आहे. त्याच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, तिसऱ्या महिन्याला व्हायरल लोड 140 आला. आम्ही कंडोम वापरतो, पण तीन आठवड्यांपूर्वी तो फाटला. मला कोरडेपणाचा त्रास आहे म्हणून तेल लावलं होतं. तो म्हणतो, गोळ्या चालू आहेत, काही होत नाही. मला झोप लागत नाही. त्याच्या डबीतली एक गोळी रोज मी घेतली तर चालेल का? वर्षभरात मूल हवं होतं, ते विसरायचं का? आणि आईला सांगायला हवं का?’

आधी त्या रात्रीचं बोलू, कारण झोप तिथे अडकली आहे.

औषध न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषाशी कंडोमशिवाय एकदा योनीसंबंध आला, तर स्त्रीला लागण होण्याची शक्यता सरासरीने 10,000 मध्ये 8 च्या आसपास धरतात. तुमचा नवरा औषध घेतो आणि त्याच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या 140 प्रती होत्या; व्हायरल लोड म्हणजे हाच आकडा. 200 च्या खाली असलेला विषाणू ‘दबलेला’ मानतात. म्हणजे तुमच्या बाबतीतला धोका त्या 8 च्याही बराच खाली येतो. तरीही ‘काही होत नाही’ हे तो जरा लवकर म्हणाला. हातात रिपोर्ट एकच आहे, तोही तिसऱ्या महिन्याचा. व्हायरल लोड खाली गेल्यावर तो निदान सहा महिने तिथेच राहिलेला दिसावा, मग निर्धास्त व्हावं. तो चुकीचं बोलला नाही, काही महिने आधी बोलला.

तुम्ही करायचं ते असं. आता एक एचआयव्ही तपासणी करा, शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी, अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची. तीन आठवड्यांनी तिचं ‘निगेटिव्ह’ दिलासा देतं, पण त्या रात्रीपुरता निकाल पक्का होतो 45 दिवसांनी. बोटाला टोचून घरी करायच्या किटवर भिस्त ठेवली तर 90 दिवस थांबावं लागतं. मधल्या काळात ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी असं एकत्र काही आलं, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना त्या रात्रीची तारीख सांगा. पाळी लांबली असेल तर गर्भधारणेची तपासणीही करा. या घाईत ती हमखास विसरली जाते.

पुन्हा असं झालं तर घड्याळ बघा. कंडोम फाटल्यानंतर घ्यायचं औषध असतं, त्याला पेप म्हणतात. तीन औषधं, 28 दिवस, एकही दिवस न चुकवता. पहिली गोळी 72 तासांच्या आत पोटात जायला हवी, आणि 72 ही शेवटची हद्द आहे. पहिल्या काही तासांत मिळाली तर सर्वांत उत्तम. तुमच्या वेळी ती मुदत सरली, म्हणून आता पेपचा उपयोग नाही. फाटल्यावर योनीच्या आत पाणी मारून धुऊ नका, साबण तर नकोच. आतलं अस्तर त्याने दुखावतं आणि विषाणूला वाट सोपी होते. बाहेरून धुवा आणि निघा.

आता डबीतल्या गोळीचं. नाही, चालणार नाही, आणि याची कारणं तीन आहेत.

पहिलं कारण तुमचा नवरा. महिन्याच्या डबीत 30 गोळ्या असतील आणि खाणारे दोघं, तर त्या पंधरा दिवसांत संपतात. मग त्याचे खाडे सुरू होतात, रक्तातलं औषध कमी पडतं, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्याच औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. तुम्हाला वाचवायला निघालेली गोळी तुमचं सर्वांत मोठं संरक्षण मोडून ठेवते, कारण ते संरक्षण म्हणजे त्याचा दबलेला विषाणू. दुसरं कारण तुमची किडनी आणि यकृत. या गोळ्यांतलं टेनोफोव्हिर किडनीवाटे बाहेर जातं आणि हिपॅटायटिस बी च्या विषाणूलाही दाबतं. तुम्हाला हिपॅटायटिस बी असेल आणि ते माहीत नसेल, तर गोळी अचानक थांबवल्यावर यकृताला जोराची सूज येऊ शकते. तिसरं कारण ती रात्र. लागण झालेली असेल तर अशी चोरून घेतलेली गोळी तपासणीत गोंधळ घालेल.

तुमच्यासाठी असलेल्या औषधाला प्रेप म्हणतात. निगेटिव्ह व्यक्तीने संबंधांच्या आधीपासून घ्यायची गोळी. तिच्यात बहुधा टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट 300 मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम ही दोनच औषधं असतात. काही ठिकाणी एमट्रिसिटाबिनऐवजी लॅमिव्ह्युडिन 300 मिलिग्रॅम. लागण झालेल्याच्या उपचाराला ही दोन पुरत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री करतातच, आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी करतात. तुमच्या बाबतीत ती तीन आठवड्यांपूर्वीची रात्र डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विषाणूचा शोध थेट घेणारी तपासणीही करून घेतील कदाचित. सोबत किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी. नवरा पॉझिटिव्ह आहे हे सांगायला कचरू नका, प्रेप देण्याचं ते सरळसोट कारण आहे.

गोळी रोज एक, जेवणाशी संबंध नाही. पहिले काही आठवडे मळमळ, डोकेदुखी, पोटात वायू असं होऊ शकतं; बहुतेकींचं ते आपोआप थांबतं. एखादी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, दोन एकदम नको. गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचं भांडण नाही. दुखण्यावरच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेनच्या जातीच्या, रोज घेत असाल तर मात्र सांगा, किडनीवर दोन्हींचा भार नको.

एका गोष्टीत बायकांची हमखास फसगत होते. ‘संबंधांच्या आधी दोन, मग 24 तासांनी एक, 48 तासांनी एक’ अशी एक पद्धत वाचनात येईल. ती पुरुषांसाठी आहे. हे औषध गुदमार्गाच्या अस्तरात लवकर आणि भरपूर साठतं, योनीच्या अस्तरात सावकाश आणि कमी. त्यामुळे योनीसंबंधांसाठी गोळी रोजच हवी, आणि आठवड्यातून एखादीच चुकली तर चुकली. संरक्षण पूर्ण भरायला 21 दिवस धरून चाला, तोवर कंडोम. बंद करायची झाली तरी शेवटच्या संबंधानंतर लगेच नको. किती दिवस पुढे घ्यायची, 7 की 28, ते डॉक्टरांना विचारूनच.

रोजची गोळी जमणार नसेल किंवा घरात लपवावी लागत असेल, तर दर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्राव्हिरचं आणि सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाव्हिरचं इंजेक्शनही आहे. लेनाकापाव्हिरला प्रतिबंधासाठी मान्यता मिळू लागली ती 2025 मध्ये, त्यामुळे ते सगळीकडे हाताशी नाही. तुमच्याजवळ काय मिळतं ते विचारा. पण तुमची गरज बहुधा काही महिन्यांचीच आहे, आणि त्याला साधी गोळी पुरते.

काही महिन्यांची असं का म्हटलं? कारण खरा बंदोबस्त नवऱ्याच्या रक्तात होतो. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांचा पार्टनर नावाचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. 888 जोडपी, कंडोमशिवाय सुमारे 58,000 वेळा संबंध, आणि औषधाने विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधांतून तो पसरत नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला सोबत जा आणि व्हायरल लोडचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. यात अविश्वास नाही. रिपोर्ट त्याचा असला तरी त्यावर तुमचाही निर्णय अवलंबून आहे. असे समाधानकारक रिपोर्ट सहा महिने टिकले, की प्रेप आणि कंडोम चालू ठेवायचे का, हे तुम्ही ठरवायचं. मन धजत नसेल तर वर्षभर आणखी घ्या. त्यासाठी कुणाला स्पष्टीकरण देणं लागत नाही.

त्याच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असेल (हल्ली बहुतेकदा असतं), तर आम्लपित्ताच्या चघळायच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह हे सोबत घेतल्याने तिचं शोषण घटतं. आम्लपित्ताची गोळी डोल्युटेग्राव्हिरनंतर 2 तासांनी किंवा त्याच्या आधी निदान 6 तास घ्यावी. रोज गोळी घेऊनही व्हायरल लोड हटत नसेल, तर बऱ्याचदा चोर इथे सापडतो.

आता तेल. ते केसांचं असो, अंगाला चोळायचं असो किंवा व्हॅसलीन असो, लॅटेक्सचा कंडोम त्याने काही मिनिटांत कमकुवत होतो. दिसायला शाबूत, आणि ताण आला की फाटतो. योनीत लावायच्या बुरशीवरच्या काही मलमांतही तेल असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्या, कंडोम चढवल्यावर बाहेरून लावा, वाळलं की पुन्हा लावा. नॉनॉक्सिनॉल-9 लिहिलेलं शुक्राणुनाशक असेल तर ठेवून द्या. वारंवार वापरलं तर त्याने योनीचं अस्तर खरवडल्यासारखं होतं आणि लागणीचा धोका वाढतो. बाकी, टोक चिमटीत धरून हवा काढायची, उलटा लागला तर तो टाकून नवा घ्यायचा, बाहेर येताना बुडाशी धरायचा. एकावर एक दोन घालू नका, ते एकमेकांवर घासून फाटतात. आणि कोरडेपणाचं कारणही तपासून घ्या. शिवाय सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया हे संबंधांतून पसरणारे इतर आजार प्रेपने अडत नाहीत. त्यांची तपासणी दोघांनीही एकदा करायला हवी.

मूल विसरायचं? मुळीच नाही. त्याचा विषाणू सहा महिने दबलेला राहिला, की बीज बाहेर पडण्याच्या दिवसांत कंडोमशिवाय संबंध ठेवून, नेहमीच्या पद्धतीने दिवस राहू शकतात. मनाच्या शांतीसाठी प्रेप जोडीला ठेवली तरी चालते. ती गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही घेता येते. विषाणू वेगळा काढण्यासाठी प्रयोगशाळेत वीर्य धुऊन घेण्याचा खर्चिक खटाटोप आता यासाठी लागत नाही. घाई मात्र नको. गरोदरपणात नव्याने लागण झाली तर आईच्या रक्तात विषाणू फार वाढतो आणि बाळाचा धोकाही, म्हणून आधी ते सहा महिने, मग दिवस. तुम्ही वर्षभर म्हणालात, त्यात हे आरामात बसतं.

आईला सांगायलाच हवं असं काही नाही. जेवणाची भांडी, संडास, मिठी, चुंबन, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही, त्यामुळे तिच्या तब्येतीशी याचा संबंध नाही. ही माहिती मुळात नवऱ्याची आहे, तेव्हा आधी त्याला विचारा. मन मोकळं करायला कुणी हवंच असेल, तर त्याच्या उपचार केंद्रातल्या समुपदेशकाशी बोला. तुमच्या नावाने वेळ मागा, त्याच्या नाही.